चावीच्या टायमरवर काम: सात-आठ महिने वापरल्यानंतर

टायमर साधाच, स्वयंपाकघरात वापरतात तो. सेल नाही, चार्जिंग नाही. तबकडी फिरवली की टिकटिक सुरू, वेळ संपली की टर्रर्र. दोन-अडीचशे रुपयांत मिळाला. फोनमध्ये टायमर असताना हा कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारून झालं. पण माझ्या फोनवर टायमर लावायला जावं तर आधी व्हॉट्सॲप उघडतं, त्याला मी तरी काय करू!

पद्धत पोमोदोरोची. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने अभ्यासात लक्ष लागेना म्हणून टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावायला सुरुवात केली, त्या टोमॅटोवरून (इटालियनमध्ये पोमोदोरो) हे नाव पडलं. २५ मिनिटं एकच काम, ५ मिनिटं सुट्टी, आणि असे चार फेरे झाले की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी.

मी घरून छोट्या दुकानदारांचे हिशोब आणि जीएसटी बघते. बिलांच्या नोंदी करायला २५ मिनिटं अगदी बेताची, कंटाळा यायच्या आत घंटा होते. पण कुठेतरी फरक येतोय आणि तो शोधायचाय, अशा वेळी ही पद्धत चक्क आड येते. घोळ कुठे आहे हे जरा दिसायला लागतं आणि तेवढ्यात टर्रर्र. अशा कामाला मी आता सरळ ५० मिनिटं लावते आणि १० मिनिटं उठते.

मूळ नियम असा, की फेरा मध्येच मोडला तर तो धरायचा नाही, नव्याने सुरू करायचा. हा नियम करणाऱ्याने ओटीपीसाठी कुणाची वाट पाहिली नसावी. जीएसटीची रिटर्न्स भरायची ११ आणि २० तारीख जवळ आली की "ताई, ओटीपी आला, लिहून घ्या" असे दुकानदारांचे फोन सुरू होतात, आणि ओटीपीला मुदत असते. त्या दिवसांत टायमर कपाटात.

खरा फायदा झाला तो सुट्टीचा. आधी मी उठायचेच नाही, मान आखडली की कळायचं किती वेळ गेला. आता दोरीवरचे कपडे काढते, पाणी पिते, गॅलरीत उभी राहते. त्या पाच मिनिटांत फोन हातात घेतला तर मात्र सुट्टी वाया जाते, डोळे तसेच शिणलेले. संध्याकाळी साडेसहाला शेवटची घंटा झाली की लॅपटॉप बंद. "एवढं एक बिल टाकते" म्हणत आठ वाजवणं बरंच थांबलं, जेवायला सगळे एकत्र बसतो.

२१ दिवसांत सवय लागते म्हणतात, मला नाही लागली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या २००९ च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेला मधला आकडा ६६ दिवसांचा होता, आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत फरक. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. दिवाळीची अख्खी सुट्टी म्हणजे काही एखादा दिवस नव्हे. त्यानंतर पुन्हा आठवण ठेवून तबकडी फिरवावी लागली.

घ्यायचा असेल तर दुकानातच फिरवून बघा. काहींची टिकटिक इतकी मोठी असते की फोनवर समोरच्यालाही ऐकू जाते. माझा ५ मिनिटांवर थेट लावला तर वाजेल याचा भरवसा नसतो; आधी पुढे न्यायचा, मग मागे आणायचा.