जीएसटी नंबर काढताना मी कशी फसले, नवीन धंदा करणाऱ्यांनी वाचाच

खूप दिवस लिहू की नको असं चाललं होतं, लाज पण वाटत होती, कारण मी बीकॉम आहे आणि तरीही फसले. पण परवा आमच्याच चाळीतल्या एका मुलाने केक बनवायचा धंदा सुरू केला आणि मला विचारतो, काकी तुम्ही जीएसटी कुठून काढला, तर म्हटलं आता लिहूनच टाकते.

मी लालबागला राहते. कापडी पिशव्या शिवून देते, तीन मशिनी आहेत, मी आणि दोन ताया. 2018 ला महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्या बंद झाल्या तेव्हा पहिल्यांदा ऑर्डरी यायला लागल्या, आधी दुकानदार, मग लग्नाच्या रिटर्न गिफ्टवाल्या. इतकी वर्षं सगळं कच्च्या बिलावर चाललं, आणि मालाची उलाढाल वर्षाला 40 लाखांच्या आत असेल तर नोंदणी करावी लागत नाही म्हणून मीही कधी डोकं घातलं नाही. मग एका ओळखीतून वापीच्या कंपनीची दर महिन्याची ऑर्डर आली. वापी म्हणजे गुजरात. दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा तर उलाढाल कितीही छोटी असो, नंबर लागतोच. त्यांच्या परचेसवाल्याने सरळ सांगितलं, ताई पक्कं बिल नसेल तर आम्ही घेऊ शकत नाही.

गणपती तोंडावर, कामाचा ढीग, आणि मी रात्री साडेअकराला फोनवर 'जीएसटी रजिस्ट्रेशन' टाकून शोधलं. पहिलंच जे आलं ते उघडलं. वर तिरंगी पट्टा, कोपऱ्यात सिंहासारखं काहीतरी चित्र, हिंदीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरात नोंदणी अर्ज. मला वाटलं सरकारचीच साइट. ती जाहिरात होती हे मला नंतर कळलं, वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं पण कोण बघतं हो. नाव, पॅन, मोबाईल भरला, शेवटी 2,999 रुपये 'अर्ज शुल्क' आलं, यूपीआयने भरून टाकलं.

इथेच पहिली गोष्ट सांगते. जीएसटी नोंदणीला सरकार एक रुपया फी घेत नाही. शून्य. खरी साइट जीएसटी डॉट गव्ह डॉट इन, शेवट 'गव्ह डॉट इन' असाच पाहिजे. मी ज्या साइटवर गेले तिचा शेवट काहीतरी वेगळाच होता. कोणी सीए किंवा टॅक्सवाला आपली मेहनत म्हणून पैसे घेत असेल तर ते वेगळं, त्याला घेऊ द्या, पण 'सरकारी फी' म्हटलं की उठा तिथून. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी असते ना, तीही फुकटच आहे, आणि तिच्याही नावाने असल्याच साइटी आहेत.

दुसऱ्या दिवशी फोन आला. माणूस इतका गोड बोलायचा की काय सांगू. "मॅडम आप बस फोटो भेज दो, बाकी टेन्शन हमारा." पॅन, आधार, माझा फोटो, खोलीचं बेस्टचं लाइट बिल, बिल सासूबाईंच्या नावावर म्हणून त्यांचं संमतीपत्र, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, सगळं व्हॉट्सॅपवर पाठवलं. मग आधारचा ओटीपी आला तो पण सांगितला. हो, सांगितला. बँकेचा ओटीपी कोणी मागितला असता तर मी फोन आपटला असता, पण हा सरकारी कामाचा आहे असं डोक्यात होतं.

आणि आता जे लिहितेय ते नीट वाचा, कारण 2,999 गेले ते काहीच नाही. खरा अर्ज भरताना सुरुवातीलाच मोबाईल आणि ईमेल टाकावा लागतो आणि दोन्हीवर वेगवेगळे ओटीपी येतात, त्याशिवाय अर्ज पुढेच सरकत नाही. माझ्या फोनवर ते दोन्ही ओटीपी आलेच नाहीत. फक्त आधारचा आला. म्हणजे अर्जात मोबाईल आणि ईमेल त्याने स्वतःचे टाकले होते! पुढे यूजरनेम, पासवर्ड, नोटिसा, सगळं त्याच नंबरवर जाणार. मला दहा-बारा दिवसांनी सर्टिफिकेटची पीडीएफ आली, नंबर 27 ने सुरू होणारा, मधे माझाच पॅन, सगळं खरं. नंबर खराच होता, म्हणून तर संशय आला नाही. सर्टिफिकेटवर माझं नाव, धंद्याचं नाव, पत्ता, तारीख, मोबाईल मात्र कुठेच नाही, त्यामुळे कळणार कसं. मी ते प्रिंट काढून मशिनीच्या वर चिकटवलं, पेढे वाटले. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं त्याला.

मग सप्टेंबरपासून दर महिन्याला तो 799 रुपये रिटर्न भरायचे घ्यायचा, आणि वर टॅक्सची रक्कम. म्हणाला, चलन (टॅक्स भरायचा कागद) आमच्याकडून भरलं की सोपं पडतं, तुम्ही बिलं पाठवा आणि बिलावर लावलेला जीएसटी माझ्या खात्यात टाका. मी दर महिन्याच्या 18 तारखेला इमानेइतबारे टाकायचे, कारण 20 तारीख शेवटची असते एवढं मला माहीत झालं होतं. दुसऱ्या दिवशी चलनाची पीडीएफ यायची, त्यावर माझा जीएसटी नंबर, माझं नाव, बरोबर रक्कम. मी फाइल करून ठेवायचे. पाच महिन्यांत अशा पाच पीडीएफ आणि 26,400 रुपये.

फेब्रुवारीच्या शेवटी, मार्च एंड जवळ आला तसा वापीच्या अकाउंट्सवाल्याचा फोन. तुमचं एकही बिल आमच्या टूबीमध्ये दिसत नाही, आमचं क्रेडिट अडकलंय, पुढचं पेमेंट होल्डवर. मला टूबी म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. आपण रिटर्नमध्ये बिलं दाखवली की समोरच्या पार्टीला ती साइटवर टूबी नावाच्या यादीत दिसतात, आणि त्यावरच त्याला टॅक्सचं क्रेडिट मिळतं. आपण दाखवलीच नाहीत तर त्याच्यासाठी आपलं पक्कं बिल पण कच्चंच. मी त्यांना ठसक्यात सांगितलं, अहो मी दर महिन्याला भरते, माझ्याकडे चलनं आहेत. त्यांनी मागवून घेतली आणि पाच मिनिटांनी परत फोन. "ताई, या चलनावर सीपिन आहे, सिन कुठाय?"

सगळी मेख यातच होती. चलन कोणीही बनवू शकतं. बनवलं की 14 आकडी सीपिन नंबर पडतो, आणि पीडीएफ अगदी भरल्यासारखी दिसते. पण पैसे बँकेतून खरंच गेले की मगच सिन नंबर पडतो, 17 आकडी, सीपिनच्याच पुढे बँकेची तीन अक्षरं. न भरलेलं चलन 15 दिवसांनी आपोआप मरतं. त्याने दर महिन्याला नुसतं चलन बनवलं, पीडीएफ मला पाठवली, आणि माझे पैसे खिशात. कागद खोटा नव्हताच ना, म्हणून तो कोणाला दाखवला असता तरी चटकन कोणी हरकत घेतली नसती.

त्याच रात्री पुतण्याने खऱ्या साइटवर 'सर्च टॅक्सपेयर' मध्ये माझा नंबर टाकून दाखवला, लॉगिन पण लागत नाही त्याला, खाली रिटर्नचा तक्ता उघडतो. माझा तक्ता कोरा. एकही रिटर्न नाही. हे मी पाच महिने माझ्या फोनवर अर्ध्या मिनिटात बघू शकले असते. मी त्या रिटर्नवाल्या माणसाला फोन लावला, आधी म्हणाला सर्वर का प्रॉब्लेम, मग म्हणाला मॅडम लेट फी 18,000 भरावी लागेल तर करून देतो, मग ब्लॉक.

लॉगिन तर माझ्याकडे नव्हतंच. पासवर्ड विसरला वगैरे करून बघितलं, ओटीपी माझ्या फोनवर येईचना. दीरांच्या ओळखीच्या परळच्या एका सीएंकडे गेले. ते हसले नाहीत, हे फार बरं केलं. म्हणाले, असं इतक्या लोकांचं झालंय की त्यासाठी वेगळी सोयच आहे, आपल्या हद्दीच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जायचं, ओळखपत्र, पॅन, धंद्याचे कागद दाखवायचे, तो सिस्टीममध्ये मोबाईल आणि ईमेल बदलून देतो आणि नवीन ईमेलवर तात्पुरता पासवर्ड येतो. आपला अधिकारी राज्याचा की केंद्राचा ते पण त्याच 'सर्च टॅक्सपेयर' वर लिहिलेलं असतं, आधी बघून घ्या, नाहीतर माझ्यासारखे चुकीच्या ऑफिसात जाऊन तास घालवाल. माझं राज्याचं निघालं, म्हणजे माझगावचं जीएसटी भवन. लालबागहून टॅक्सी केली, टॅक्सीत रडले, आत जाऊन नाही रडले. दोन फेऱ्यांत काम झालं.

मग सीएंनी हिशोब मांडला आणि मला दुसरा धक्का. मी कापड भिवंडीच्या व्यापाऱ्याकडून पक्क्या बिलावर घेते, त्या बिलावर मी भरलेला जीएसटी मला वजा मिळतो. म्हणजे 26,400 मधून ते क्रेडिट काढलं तर मला रोख भरायचे होते साधारण 10,600. चोराने चोरीही पूर्ण रकमेची केली! हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

मार्चच्या मधे पाचही रिटर्न भरली. उशिराचे दिवसाला 50 रुपये लागतात (विक्री शून्य असेल तर 20), पण आमच्यासारख्या दीड कोटीच्या आतल्यांना एका रिटर्नला 2,000 च्या वर जात नाही, म्हणून लेट फी 9,250 वर थांबली, नाहीतर विचारू नका. वर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज, ते काही शे रुपये. सीए म्हणाले सहावा महिना उलटला असता तर नंबर रद्द करायची नोटीस आली असती, आणि ती पण त्या चोराच्याच ईमेलवर.

अजून एक काम त्यांनी करायला लावलं ते तुम्हीही आजच करा. त्याच साइटवर पॅन टाकून शोधता येतं, आपल्या पॅनवर किती जीएसटी नंबर आहेत ते दिसतं. माझ्या पॅन-आधारचे फोटो त्या माणसाकडे आहेत, दुसऱ्या एखाद्या राज्यात माझ्या नावाने नंबर काढून खोटी बिलं फाडली असती तर काय. सुदैवाने एकच निघाला. मी आता दर महिन्याला बघते, गॅस बुक केल्यासारखं.

1930 वर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पोलीस स्टेशनला पण गेले. तिथल्या ताईंनी सांगितलं की पैसे गेल्या गेल्या फोन केला तर खात्यात अडवता येतात, तुमचे पाच महिन्यांपूर्वीपासूनचे आहेत. बरोबरच आहे त्यांचं. ज्या खात्यात पैसे टाकले ते तिसऱ्याच कोणाच्या तरी नावावर निघालं.

नवरा म्हणाला, जाऊ दे, तीसेक हजाराला अक्कल आली. मला ते आवडलं नाही, भांडण झालं. तीस हजार म्हणजे माझ्या दोन तायांचा पगार आहे.

आता रिटर्न मी स्वतः भरते. पहिल्या वेळेला रात्री एक वाजला, साइट दोनदा लटकली, मी चुकीच्या खान्यात रक्कम टाकली, पुतण्याला झोपेतून उठवलं. शेवटी बँकेतून पैसे गेले आणि सिन नंबर आला. सतरा आकडे, एकेक मोजले. वापीवाल्यांचं पेमेंट एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटलं. आणि मे महिन्यात एका नवीन नंबरवरून मेसेज आला, "मॅडम आपका जीएसटी रिटर्न पेंडिंग है, अर्जंट कॉल करे." फोटोत तोच सिंह.