नोकरी गेल्यावर: जाहिरातींवरचा ब्लॉग की वर्गणीचं वार्तापत्र?

मंदी आली की जाहिरातदार आधी हात आखडता घेतात, वर्तमानपत्राचं उत्पन्न घटतं आणि कपातीची कुऱ्हाड बातमीदार नि उपसंपादकांवर पडते. नोकरी गेलेल्या पत्रकाराने स्वतःचं काही सुरू करताना हा क्रम विसरू नये. जाहिरातींवर चालणारा ब्लॉग काढणं म्हणजे जी विहीर आटल्यामुळे नोकरी गेली, तिथेच पुन्हा घागर घेऊन जाणं.

हिशेब मांडून बघा. हजार वाचनांमागे २ डॉलर मिळतात असं धरलं, तर महिन्याला हजार डॉलरसाठी ५ लाख वाचनं लागतील. मंदीत दर अर्ध्यावर आला, तर १० लाख. एकट्या माणसाला एवढी वाचनं खोल बातमीतून क्वचितच मिळतात. मग मथळे भडक होतात, दिवसाला पाच-सहा नोंदी पाडाव्या लागतात आणि शोधबातमीला वेळच उरत नाही. त्यात गूगल अ‍ॅडसेन्सवर (ब्लॉगवर जाहिराती लावून त्याचे पैसे देणारी सेवा) १०० डॉलर जमेपर्यंत पैसे हातात येत नाहीत, त्यामुळे सुरुवातीचे कित्येक महिने कोरडे जाऊ शकतात.

वर्गणीच्या वार्तापत्राचं, म्हणजे वाचक पैसे भरून ईमेलवर मागवतात त्या पत्राचं, गणित वेगळं. अशी वार्तापत्रं चालवण्याचा मंच असलेलं सबस्टॅक १० टक्के घेतं, वर पैसे वळते करण्याचं शुल्क असतं: साधारण २.९ टक्के आणि प्रत्येक व्यवहारामागे ३० सेंट. म्हणजे ५ डॉलरच्या मासिक वर्गणीतले जेमतेम ४ उरतात आणि हजार डॉलरला अडीचशे वर्गणीदार पुरतात. हे ३० सेंट मासिक वर्गणीत वर्षाला बारा वेळा कापले जातात, वार्षिक वर्गणीत एकदाच. म्हणून वार्षिक वर्गणी थोडी स्वस्त ठेवून तीच पुढे करावी.

पण वर्गणीही आपोआप येत नाही. २७ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या 'रॉकी माउंटन न्यूज' या दैनिकाचा शेवटचा अंक निघाला. तिथल्या पत्रकारांनी 'इन डेन्व्हर टाइम्स' या संकेतस्थळासाठी २३ एप्रिलपर्यंत ५० हजार वर्गणीदारांचं लक्ष्य ठेवलं, दर महिना सुमारे ५ डॉलर. मिळाले साधारण ३ हजार. एका बातमीदाराला हा आकडा उत्तम. अख्ख्या वृत्तकक्षाला अपुरा. शिवाय शहराच्या सर्वसाधारण बातम्या दुसरीकडे फुकट मिळत होत्या.

म्हणून निर्णय तुमच्या बीटवर, म्हणजे तुम्ही ज्या विषयाच्या बातम्या करता त्यावर, ठरवा. न्यायालय, करव्यवस्था, शेतमाल, औषधनियमन यांतली माहिती वाचकाला कामासाठी लागते, ती तो मंदीतही विकत घेतो. चित्रपट, खाद्य, प्रवास ही बीट असेल तर वर्गणी अवघड. तिथे जाहिरातींचा ब्लॉगच बरा, पण घरखर्च त्यावर अवलंबून ठेवू नका. मुक्त लेखन सोबत चालू ठेवा, मात्र मानधन उशिरा येतं हे धरून चला.

दोन्हीकडे पहिल्या दिवशी स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या मालकीचा वेबपत्ता, घ्या. फुकटच्या पत्त्यावर वर्षभर लिहून नंतर हलवलं तर जुने दुवे तुटतात. वार्तापत्राची ईमेल यादी दर आठवड्याला उतरवून घ्या. मंच बदलला तरी वाचक तुमच्याबरोबर येतात. पैसे मागण्याआधी दोन-तीन महिने ठरलेल्या वारी फुकट पाठवा. वार चुकला की वाचकाची सवय मोडते.

सगळ्यात जास्त चुका मात्र लिखाणाबाहेर होतात. सोडताना मिळालेल्या भरपाईच्या करारात संस्थेविरुद्ध न लिहिण्याची अट आहे का, हे सही करण्याआधी बघा. नोकरीत लिहिलेल्या बातम्यांचा हक्क बहुतेक वेळा संस्थेचा असतो. त्या ब्लॉगवर जशाच्या तशा चढवू नका, दुवा द्या. आणि बदनामीचा दावा आला तर आता पाठीशी संस्थेचा वकील नाही, छापण्याआधी मजकूर तपासणारं डेस्कही नाही. आरोपाची बातमी असेल तर कागद हाती ठेवा, समोरच्याची बाजू लेखी मागा आणि दुसऱ्या जुन्या उपसंपादकाकडून वाचून घ्या, त्याला मानधन द्यावं लागलं तरी.