रेफरन्स डॉक्स: हाताने लिहायचे की कोडमधून काढायचे?

तुमच्या फ्रेमवर्कचे डॉक्स (कसं वापरायचं ते सांगणारी पानं) लोकांना समजत नसतील आणि ते नव्याने मांडायचे घाटत असेल, तर आधी जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि रेल्स (रूबीचं) यांचे डॉक्स शेजारी उघडून बघा. दोन्हींची घडण एकदम उलटी आहे. जँगोचा रेफरन्स (कुठली मेथड काय करते याची नोंद) माणसांनी लिहिलाय, स्फिंक्स हे टूल फक्त पानं तयार करतं. रेल्सचा एपीआय रेफरन्स मेथडच्या वर लिहिलेल्या कमेंटमधून आरडॉक हे टूल काढतं.

रेल्समध्ये व्हेअर, फाइंड आणि काउंट या मेथड आपण एकाच मॉडेलवर (डेटाबेसमधल्या टेबलसाठीच्या क्लासवर) वापरतो. डॉक्समध्ये मात्र व्हेअर सापडतं क्वेरीमेथड्समध्ये, फाइंड फाइंडरमेथड्समध्ये, काउंट कॅल्क्युलेशन्समध्ये. कोडची मॉड्यूल जशी, तशी पानं. नवख्याला ती मॉड्यूल माहीत असायचं काही कारण नाही. सर्च आहे म्हणून निभावतं. जँगोत क्वेरीसेटच्या (डेटाबेसमधून मागवलेल्या नोंदींच्या संचाच्या) सगळ्या मेथड एकाच लांबलचक पानावर, आणि गट असे: नवा क्वेरीसेट परत देणाऱ्या आणि न देणाऱ्या. पुढे साखळी जोडता येईल का, हे मेथड वाचायच्या आधीच कळतं. अशी मांडणी कुठलंही टूल आपोआप करून देत नाही.

म्हणून रेल्सला कमी लेखायचं कारण नाही. 6.0 मध्ये आलेल्या क्रिएट ऑर फाइंड बाय (नोंद तयार करा, आधीच असेल तर शोधा) मेथडची कमेंट वाचा. तोटे आडपडदा न ठेवता लिहिलेत: टेबलवर युनिक बंधन (तेच मूल्य दोनदा येऊ न देणारं) हवंच, आणि इन्सर्ट फसला तरी प्रायमरी कीचा (नोंदीच्या ओळखक्रमांकाचा) आकडा पुढे सरकू शकतो. कोड बदलणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच ही कमेंट असते, त्यामुळे ती शिळी होण्याचा धोका कमी. जँगोत कोड एकीकडे, वर्णन डॉक्सच्या फोल्डरमध्ये. तिथे नव्या फीचरच्या पॅचसोबत (कोडमधल्या बदलासोबत) डॉक्स मागितलेच जातात, म्हणून ते टिकतं. तुमच्याकडे ही सक्ती चालेल का, हे प्रामाणिकपणे बघा.

दोघं-तिघंच काम करत असाल तर कमेंटमधूनच काढा. पण रेल्ससारखी नियमावली ठरवा (त्यांच्या नियमांत ‘वर्तमानकाळात लिहा’ इतकं बारीकसुद्धा आहे), आणि आतल्या वापराच्या मेथड नोडॉक (‘डॉक्समध्ये घेऊ नका’ ही खूण) लावून लपवा. ज्या मेथड एकमेकींना जोडून वापरल्या जातात, त्यांचं तेवढं एक पान हाताने लिहा. सगळाच रेफरन्स हाताने लिहायचा घाट मात्र प्रत्येक पॅचमागे डॉक्स तपासणारं माणूस मिळणार असेल तरच घाला.