चार डबे, एकच फिल्म आणि १२,०५० रुपयांचा चुना

लार्ज फॉरमॅटवाल्यांनो (मोठ्या कॅमेऱ्यात फिल्मची एकेक सुटी शीट घालून फोटो काढणाऱ्यांनो), ‘मोठ्या शीटमधून कापलेली’ ४×५ इंची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म कुणी स्वस्तात देत असेल तर आधी हे वाचा. गोड बोलणं, अर्धे पैसे आधी, कुरियरच्या पावतीचा फोटो आला की उरलेले. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. यूपीआयने ५,००० गेले, मग ६,६००, वर कुरियरचे ४५०. एकूण १२,०५०. बदल्यात २५-२५ शीटचे चार डबे आले, प्रत्येकावर वेगळ्या फिल्मचं नाव: एचपी फाइव्ह प्लस, एफपी फोर प्लस, टी-मॅक्स १०० आणि फोमापॅन १००. जळगाव-धुळ्याकडे बसून शीट फिल्म वापरायची तर बाहेरूनच मागवावी लागते, तेव्हा ‘स्वस्ताला भुलला’ हे शहाणपण कुणी शिकवू नये.

चारही डब्यांत निघाली दवाखान्यातली एक्स-रे फिल्म.

अंधारात होल्डर (कॅमेऱ्यात शीट धरणारी चौकट) भरतानाच हे कळायला हवं होतं, आणि तेच डोक्यातून जात नाही. अस्सल शीटच्या कोपऱ्याजवळ खाचा असतात. शीट उभी धरून खाचा उजव्या हाताला वर आल्या की इमल्शन (प्रकाश टिपणारा थर) आपल्याकडे, आणि प्रत्येक फिल्मच्या खाचांची ठेवण निराळी. इथे बोट फिरवलं तर चारही कोपरे गुळगुळीत. फोनवर विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: ‘दादा, ८×१० कापून चार केल्यात, खाच एकाच तुकड्यावर राहते.’ वाक्य खरं आहे, म्हणून तर गळी उतरलं. पण मग चारातल्या एकीवर तरी खाच हवी ना! शंभरात पंचवीस. सापडली एकीवरही नाही. चौथीतल्या पोराने केला असता असा हिशेब! त्यात शीट होल्डरमध्ये अडकत होती. अस्सल ४×५ शीट चार बाय पाच इंचाला किंचित कमी भरते, ही पुरेपूर भरत होती. पण जुना लाकडी होल्डर पावसाळ्यात फुगतोच, त्यामुळे दोष त्याच्यावर गेला.

चाचणीत सगळं उघडं पडलं. लळिंगचा किल्ला, एकच ऊन, एकच एक्स्पोजर. ४०० आयएसओची एचपी फाइव्ह प्रकाशाला जास्त संवेदनशील, १२५ ची एफपी फोर कमी; त्यांत पावणेदोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) आसपास फरक दिसायला हवा. इथे चारही निगेटिव्ह जुळी भावंडं. लांब एक्स्पोजरला प्रत्येक फिल्म कमी-जास्त मंदावते: पाटणादेवीजवळच्या लेण्यांत लाइट मीटर १० सेकंद दाखवत असेल तर टी-मॅक्सला साधारण १५ सेकंद लागतात, एफपी फोरला १८, फोमापॅनला तब्बल ८०. इथे तोही फरक नाही. लाल फिल्टर लावला तर निगेटिव्ह जवळपास कोरी, कारण या फिल्मला निळं आणि फार तर हिरवं दिसतं, लाल नाहीच. इमल्शन दोन्ही बाजूंना, म्हणून डेव्हलप करताना ट्रेच्या तळाला घासून ओरखडे आणि कॉन्ट्रास्ट भडक. फिक्सरमधून (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनातून) काढल्यावर बेस (इमल्शनखालचं प्लास्टिक) निळा. त्यावरही विक्रेत्याचं उत्तर: ‘फिक्सर कमी पडला.’ टी-मॅक्सचा गुलाबी रंग जास्त फिक्स करून, नीट धुऊन जातो हे खरं. एक्स-रेचा निळा रंग बेसच्या प्लास्टिकमध्येच असतो, तो धुऊन कसा जाईल?

पोलीस ठाण्यातला पहिला प्रश्न: ‘एक्स-रे? मग दवाखान्याविरुद्ध तक्रार आहे का?’ दुसरा: ‘माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?’ तिथून सायबरवाल्यांकडे पाठवलं. ते म्हणाले, माल पोचलाय, ही दिवाणी बाब. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय. आणि कळस म्हणजे, ‘पार्सल उघडतानाचा व्हिडिओ दाखवा.’ अहो, फिल्म आहे ती! उजेडात उघडली की माल आणि पुरावा दोन्ही जळतात. हे समजावून सांगितलं तर समोरचा माणूस खरंच विचारतो, ‘मग फोटो कसे काढता?’ ठाण्यात अर्ज घेतला, पोच मागितली तर ‘साहेब आल्यावर’. साहेब कधी येतात हे त्या खुर्चीलाच ठाऊक.

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ठाण्याच्या वाऱ्या नंतर. पक्कं बिल मागून घ्या, ग्राहक तक्रारीत ते कामी येतं. बाहेरच्या पुठ्ठ्याचा व्हिडिओ घ्या, आतली काळी पिशवी मात्र अंधारातच. सील फोडलेला डबा घेऊच नका. कापलेलाच माल घ्यायचा असेल तर आधी एक शीट मागवा. डार्करूमच्या लाल दिव्याखाली तिच्यावर नाणं ठेवा, पाच मिनिटांनी डेव्हलप करा. खरी पॅनक्रोमॅटिक (लालसकट सगळे रंग टिपणारी) फिल्म काळी पडते आणि नाण्याची जागा पारदर्शक राहते. सगळीच शीट पारदर्शक निघाली, तर पुढचा हप्ता पाठवू नका.

त्या विक्रेत्याची जाहिरात अजून चालू आहे. नंबर बदललाय, डब्यांचे फोटो तेच आहेत, आणि आता ५×७ सुद्धा ‘उपलब्ध’ आहे.