पॉइंट टू-टू (.२२ बोअर) सेमी-ऑटो रायफलीला (प्रत्येक बारानंतर पुढची गोळी आपोआप भरणारी) कोणती गोळी: स्टँडर्ड की हाय व्हेलॉसिटी?

हाय व्हेलॉसिटी गोळी सेकंदाला साधारण ३८० मीटरने सुटते, आवाजापेक्षा वेगात. म्हणून बंदुकीच्या बारासोबत हवेत वेगळा कडाका फुटतो. स्टँडर्ड ३२५ च्या आसपास, कडाका नाही. सोलापुरात मे महिन्यात ४२ अंशांवर ध्वनीचाच वेग साधारण ३५६ होतो, मग स्टँडर्डच्या कडाक्याचा तर प्रश्नच मिटला. (कानाला मफ दोन्हींना हवेतच.)

स्टँडर्डची अडचण बोल्टची, म्हणजे काडतुसामागच्या सरकत्या लोखंडी तुकड्याची. ब्लोबॅक रायफलीत काडतुसाचाच धक्का बोल्टला मागे रेटतो. तो कमी पडला की काडतुसाचं रिकामं कवच (केस) बाहेर पडायच्या दारातच अडकतं. हाय व्हेलॉसिटीत हे क्वचित.

मी असतो तर आधी चेंबरमधलं (काडतूस बसतं त्या खाचेतलं) मेण-काजळी साफ करून स्टँडर्डचेच दोन-तीन ब्रँड चालवून पाहिले असते. बोल्टच्या स्प्रिंगला हात गनस्मिथनेच लावावा.