दसऱ्यापासून वापरलेली ८×४२ दुर्बीण आणि तिचं डावं टोपण

काच उत्तम आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं निम्मं लिखाण टोपणाबद्दल आहे आणि कुणाला वाटायला नको की दुर्बीणच वाईट.

८×४२ म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढच्या काचा ४२ मिलिमीटरच्या. बीएके-४ प्रिझम (आतल्या चांगल्या प्रतीच्या काचा), आत धुकं धरू नये म्हणून नायट्रोजन भरलेली, दहा हजारांच्या आतली. बाकीचे आकडे तुम्हाला पाठ असतील. दसऱ्याला घेतली ती बेळगावच्या आसपासची तळी आणि धरणं बघायला. "तळं बघायला दुर्बीण कशाला?" हा प्रश्न आमच्या घरातही झाला. पण आपल्याकडच्या पाण्यापाशी करण्यासारखं असतं काय? राकसकोपचं पाणी शहर पितं, तिथं उतरायचं नाही. हिडकलला पोहायचं धाडस करू नये, खोलीचा आणि गाळाचा दोन्हीचा अंदाज लागत नाही. म्हणजे काठावर बसून लांबचं बघणं एवढंच हातात उरतं, आणि ते नुसत्या डोळ्यांनी पंधरा मिनिटांत संपतं. दुर्बीण असली की दुपारची भाकरी तिथंच सोडायची आणि संध्याकाळी परतायचं. तिकीट नाही, भाडं नाही.

सुरुवात किल्ला तलावापासून केली, पेट्रोल लागत नाही म्हणून. पक्षी म्हणाल तर वारकरी, टिबुकल्या, पाणकावळे. पक्ष्यांपेक्षा पोरांनाच दुर्बिणीचा जास्त उपयोग झाला. २०१८ साली उभारलेल्या ११० मीटरच्या ध्वजस्तंभाचं टोक बघायला ओळख ना पाळख, पोरं रांग लावतात. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडचे रबरी कप खाली दाबून ठेवावेत, नाहीतर कडा काळ्या दिसतात. पट्टा मानेला काचतो, पण तो कुठलाही काचतोच.

हिवाळ्यात हिडकलला गेलो. हत्तरगीच्या टोलला दुचाकीला पैसे नाहीत, हे एक बरं. धरण ५१ टीएमसीचं (अब्ज घनफूट). भरलेलं असताना पलीकडचा काठ धुरकट होतो आणि मधली बदकं मोहरी सांडल्यासारखी दिसतात. तेव्हा माझं मत झालं की इथं १०×च पाहिजे, आणि तसं मी दोघातिघांना सांगितलंही. ते मत आता राहिलेलं नाही.

बदललं ते धुपदाळला. घटप्रभा पक्षी अभयारण्य, १९७४ पासूनचं. रेल्वेनं पाच्छापूर, गोकाक रोड करत घटप्रभा स्टेशनला उतरायचं, गिरमिट आणि मिरची खायची आणि इंग्रजी अमदानीतला बंधारा गाठायचा. थंडीत तिथं कांड्या करकोचे येतात. सोबत आमचे शहापूरचे भावोजी होते, त्यांच्याकडे १०×४२. वारा सुटला की त्यांच्या दुर्बिणीत करकोचा जागेवर राहीना, हाताची थरथरही दहापट होते ना. माझ्या ८×मध्ये गळ्यावरून छातीपर्यंत लोंबणारी काळी पिसं दिसली, लाल डोळा दिसला, आणि डोळ्यामागचा पांढरा तुरा वाऱ्यानं उलटा होतोय तोही दिसला. संध्याकाळी फरक आणखी वाढला. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर रुंद उजेडाचा झोत डोळ्याशी येतो, १०×ला तो ४.२च. भावोजींनी अदलाबदल करून बघितली आणि नंतर परत द्यायला कुरकूर केली. काय समजायचं ते समजा.

आता टोपण.

पुढच्या दोन काचांना दोन टोपणं येतात. प्रत्येक टोपणाला एक रबरी कडं असतं, ते नळीवर चढवायचं आणि टोपण खाली लोंबकळत ठेवायचं. कल्पना चांगली. रबर रद्दी. महिन्याभरात कडं सैल पडलं, आणि पडलं ते डावंच. उजवं आजही घट्ट आहे. चालताना टोपण पोटावर टपटप आपटतं, आणि त्या आवाजानं खंड्या उडतो. दुर्बीण बनवणाऱ्यानं एकदा तरी ती गळ्यात घालून बांधावर चालून बघितली असेल का, ही शंका मला कायम येते.

फेब्रुवारीत बेळगुंदीवरून राकसकोपला गेलो होतो. या जलाशयाची पातळी पेपरात फुटांत छापून येते, २४७५ला भरलं की शहर निवांत. पण फेब्रुवारीत पाणी बरंच खाली गेलेलं असतं. सकाळी पूर्वेचा वारा होता. दुर्बीण उचलली तसं डावं कडं निसटलं आणि टोपण दगडांवरून टणटण उड्या मारत पाण्यात. मी दोन पायऱ्या उतरलो तर मागून वॉचमन मामा ओरडले, "ओ, खाली जायचं न्हाई!" मग काय, उभा राहून बघितलं. दुर्बिणीतूनच, आठपट मोठं करून. काळं टोपण उताणं तरंगत तुडयेच्या बाजूला निघालं होतं. तुडये महाराष्ट्रात. सीमाप्रश्न १९५६ पासून लोंबकळतोय, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि माझं टोपण एका सकाळीत पलीकडं.

कस्टमर केअरला मेल केला: एक डावं टोपण पाहिजे, पैसे देतो. उत्तर आलं, सुटा भाग विकत मिळत नाही. वॉरंटीत बसतं का बघायला बिल, व्हिडिओ आणि अख्खी दुर्बीण स्वतःच्या खर्चानं सर्व्हिस सेंटरला पाठवा. म्हणजे पाच-दहा रुपयांच्या रबरासाठी मी ऐन हंगामात दुर्बीण परराज्यात पाठवायची, वर कुरिअरचे पैसे माझे. आणि "व्हिडिओ" कशाचा? टोपण नसल्याचा? फोनवर हिंदीतून बोलणाऱ्या ताई बिचाऱ्या नम्र होत्या, त्यांच्यावर राग नाही.

शेवटी अनगोळच्या एका पंक्चरवाल्या मामांकडून सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर रुंद तुकडा कापून घेतला. तुपाच्या प्लास्टिक डबीचं झाकण त्याला दोऱ्यानं शिवलं. मामांनी पैसे घेतले नाहीत. हे टोपण मूळच्यापेक्षा घट्ट बसतं आणि आपटत नाही, कारण ट्यूबला ताण आहे. मे महिन्यात पाणी उतरल्यावर हिडकलमध्ये हुन्नूरचं विठ्ठलाचं दगडी देऊळ उघडं पडतं. ते काठावरून बघितलं तेव्हाही हेच टोपण होतं. दगडांवर पाण्याच्या पातळीच्या आडव्या रेघा एकाखाली एक दिसतात, काच किती स्वच्छ आहे ते तिथं कळतं. भर उन्हात रबर ढिलं पडलं नाही.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. आत धुकं धरलं नाही, नायट्रोजनचा दावा खरा निघाला. पण बेळगावच्या दमट हवेत काचेवर बाहेरून बुरशी चढते, म्हणून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलसोबत (ओल शोषणारे खडे) ठेवा. निळे खडे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून परत निळे करता येतात. जुनी कढई वापरा, स्वयंपाकाची नको.

(इथवर लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात कुरिअरवाला आला. कंपनीनं "सदिच्छा म्हणून" टोपणं फुकट पाठवलीत. डावं-उजवं दोन्ही, नवी कोरी. त्यांच्याबद्दल माझं मत थोडं सुधारलं, मग लावून बघितली. ती ५० एमएमच्या मॉडेलची निघाली.)

पाचपैकी चार. एक कुठं गेला ते सांगायला नको. कुणाकडे याच कंपनीची ५० एमएमची दुर्बीण असेल तर ही जोडी माझ्याकडे पडून आहे, कुरिअरचे पैसे द्या आणि न्या. तुपाचं झाकण मात्र देणार नाही.