ओट्याच्या उंचीला आलेले मूल: लर्निंग टॉवरचे परीक्षण

लर्निंग टॉवर या नावाने विकली जाणारी वस्तू मुळात चारही बाजूंनी कठडा असलेला उंच लाकडी स्टूल आहे. त्यावर दीड-दोन वर्षांचे मूल आधाराने उभे राहू शकते आणि ओट्यापाशी किंवा बेसिनपाशी मोठ्या माणसाच्या बरोबरीने हात चालवू शकते. विक्रेते त्याची जाहिरात मुलाला स्वावलंबी करणारे शैक्षणिक साधन अशी करतात. घरात तो बराच काळ वापरल्यानंतर माझे मत थोडे वेगळे झाले आहे. स्वावलंबन यायचे तेव्हा येईल. पण जी कामे एरवी मूल झोपल्यावर किंवा त्याच्या हातात मोबाइल देऊन उरकली जातात, ती त्याच्या सोबतीने होऊ लागतात, हा या स्टुलाचा खरा उपयोग आहे.

जमिनीवर उभ्या असलेल्या लहान मुलाला स्वयंपाकघरात दिसतात ते आपले पाय आणि ओट्याखालची कपाटे. वर काहीतरी चालले आहे एवढे त्याला आवाजावरून कळते, आणि मग ते कपडे ओढते, कडेवर घे म्हणते, रडते. स्टुलावर उभे केले की त्याचा चेहरा आपल्या चेहऱ्याजवळ येतो आणि काम करता करता नजरानजर होऊ लागते. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत असे दिसले की आईने थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवला, तर तान्ही बाळे आधी हसून आणि हातवारे करून तिचा प्रतिसाद मिळवू पाहतात आणि तो मिळाला नाही की अस्वस्थ होऊन तोंड फिरवतात. ते प्रयोग तान्ह्या बाळांवरचे होते हे खरे, पण प्रतिसादाची ही भूक पुढेही टिकते. मुलाने पाण्यात बोट घालून आपल्याकडे पाहावे, आपण “गार आहे ना?” म्हणावे आणि त्याने पुन्हा बोट घालावे, अशी लहान देवाणघेवाण शेजारी उभे राहिल्यावर सहज घडते.

मुलाला काम शिकवावे लागेल, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात त्याला फक्त जागा द्यावी लागली. भाजी धुणे, शेंगा सोलणे, चमचे पुसून डब्यात ठेवणे या कामांवर मूल स्वतःच तुटून पडते. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अठरा महिन्यांच्या बहुतेक मुलांनी, एखाद्या प्रौढाच्या हातून पडलेली वस्तू त्याला घेता येत नाही असे पाहून, कोणतेही बक्षीस नसताना ती उचलून दिली होती. त्याच दोघांच्या २००८ च्या अभ्यासात तर, मदतीबद्दल वस्तूरूपाने बक्षीस मिळालेल्या वीस महिन्यांच्या मुलांची मदत करण्याची तयारी नंतर कमी झाली. आमच्या स्टुलासोबत कामांचा तक्ता आणि चांदण्यांचे स्टिकर आले होते. ते मी खोक्यातच राहू दिले आणि खरेदी करणाऱ्या इतरांनीही तसेच करावे असे सुचवेन.

उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. पाया रुंद असल्याने स्टूल बरीच जागा अडवतो, आणि अरुंद स्वयंपाकघरात तो दर वेळी आत-बाहेर करावा लागतो. घडीचे प्रकार मिळतात, पण त्यांच्या बिजागरीत बोटे अडकणार नाहीत आणि उघडल्यावर ती पक्की बसते, याची खात्री केल्याशिवाय ते घेऊ नयेत. ओट्याला पाय लावून मागे रेटण्याची हौस बहुतेक मुलांना असते, म्हणून पायाची रुंदी आणि तळाची न घसरणारी रबरी बुटे पाहावीत. रंग आणि लाकूड त्यानंतर. फळीची उंची बदलता आलीच पाहिजे: ओटा मुलाच्या कोपरापाशी येतो तेव्हा त्याचे हात नीट चालतात. शेगडी, सुऱ्या आणि विजेच्या वायरी हाताच्या टप्प्याबाहेर हव्यात. कठडा आहे म्हणून मुलाला एकटे सोडून खोलीबाहेर जाणे मात्र कधीही नको. जाहिरातींत ही गोष्ट फारच बारीक अक्षरांत येते.

वेळेचा हिशेबही आधीच मांडावा. मुलासोबत काम लवकर होत नाही, आणि पाणी सांडते ते वेगळेच. कामावर निघण्याच्या घाईत स्टूल बाजूला ठेवावा आणि सायंकाळी किंवा सुट्टीच्या सकाळी पुढे घ्यावा. घाईत मुलाला वर चढवून सतत “हे नको, ते नको” म्हणत राहिल्यास दोघेही चिडतात.

सर्वांनीच तो विकत घ्यावा असे मी म्हणणार नाही. ज्या घरात जेवणाचे टेबल किंवा बसके पाट-चौरंग आहेत आणि कामे बसून होतात, तिथे मुलाची उंची मुळात आड येत नाही. ओट्यावरच बहुतेक कामे होत असतील, जागा असेल आणि मूल दीड वर्षाच्या आसपासचे असेल, तर मात्र ही खरेदी सार्थ ठरते, कारण वापराची दोन-तीन वर्षे तरी हाती असतात. वापरलेला स्टूल घेत असाल, तर स्क्रू घट्ट आहेत का आणि फळीच्या खाचा झिजल्या आहेत का, हे तो रिकामा असताना हलवून पाहावे. मुलाची छाती कठड्याच्या वर येऊ लागली की मात्र तो वापरणे थांबवावे.